विलीनीकरण नाकारले, भाऊसाहेबांना निवडले! गोव्याचा १९६७ चा कौल विदर्भाने का वाचावा?

बोरगाव मेघे (वर्धा) : वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते : ‘लोकांना विदर्भ हवा असता तर विदर्भवादी निवडून आले नसते का?’ या वाक्यात किती दम आहे हे तपासायचे तर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची कारकीर्द पाहावी.

कोण होते भाऊसाहेब?

पेडण्याचा जन्म, खाणमालक, पण पाठीशी कुळे आणि बहुजन समाज. पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले आणि गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. विधानसभा अवघ्या ३० आमदारांची. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने बाजी मारली. भाऊसाहेब स्वतः उभेच नव्हते. मुख्यमंत्री झाल्यावर मडकईतून पोटनिवडणूक लढवून ते सभागृहात आले.

पक्षाची मुख्य मागणी होती गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याची. म्हणजे ज्या खुर्चीवर बसले, ती खुर्चीच नको म्हणणारा मुख्यमंत्री! आपण जिंकलो म्हणजे कौल मिळाला, असे पक्षाचे म्हणणे. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने मात्र स्वतंत्र जनमत कौलाचा आग्रह धरला.

कौलात काय झाले?

संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून डिसेंबरमध्ये बांदोडकरांनी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते विदर्भातल्या पुसदचे वसंतराव नाईक, हेही ध्यानात ठेवण्यासारखे.

खरी गंमत पुढे आहे. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि १६ जागा घेऊन भाऊसाहेबच पुन्हा मुख्यमंत्री! लोक गोंधळले होते का? मुळीच नाही. कुळांचे हक्क आणि खेड्यातली शाळा यासाठी भाऊसाहेब हवे असणे वेगळे, गोवा कुठे राहावा हे वेगळे. शिवाय या जागा मगोपला निम्म्याहून कमी मतांत मिळाल्या होत्या. जागांचे गणित एक, डोक्यांचे दुसरे. निकाल मान्य करून ते कारभाराला लागले आणि १२ ऑगस्ट १९७३ ला मृत्यू येईपर्यंत पदावर राहिले. हरलेल्या मागणीचा नेता म्हणून घरी बसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

विदर्भाशी संबंध काय?

१९५५ मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही आणि मतदाराला थेट कधी विचारलेही गेले नाही. विदर्भवादी पक्ष पडले म्हणून मागणी संपली, हा निष्कर्ष गोव्याच्या हिशेबात टिकत नाही. तसाच उलट दावाही टिकत नाही : सभेला गर्दी झाली म्हणजे बहुमत मिळाले, असे नाही. कदाचित कौल विदर्भाच्या विरोधातही जाईल. दोन्ही बाजूंचे पुढारी प्रश्न टाळतात तो बहुधा म्हणूनच.

आणि गावाच्या हद्दीचे?

हाच प्रश्न लहान आकारात बोरगाव मेघेसारख्या, शहराला खेटलेल्या गावांपुढे कधीही येऊ शकतो : ग्रामपंचायत ठेवायची की नगरपालिकेत जायचे? कर, पाणी, घरकुल, सगळे त्यावर ठरते. कायद्याप्रमाणे हद्दवाढीची उद्घोषणा शासन काढते आणि रहिवाशांकडून हरकती मागवते. मतपेटी नाही. सरपंच निवडताना गावकऱ्याने नाली, रस्ता नि माणूस पाहिलेला असतो. त्या मताला हद्दवाढीची संमती समजणे म्हणजे १९६३ च्या निकालाला विलीनीकरणाचा कौल समजण्यासारखेच. ग्रामसभेत वेगळा ठराव, गुप्त मतदान आणि मोजलेला आकडा, एवढे तरी हरकतींच्या फायलीसोबत जायला हवे.