कोमट पाणी

आमच्या वर्धा जिल्ह्यांत वैशाखाच्या भर दुपारीं उन्हांतून आलेल्या पाहुण्यास आपण प्रथम काय देतों? माठांतलें गार पाणी. माघाच्या पहाटे अंगास काय हवेंसें वाटतें? चुलीवरचें कढत पाणी. परंतु सकाळपासून ओसरीवर उघडें पडलेलें, ना गार ना ऊन असें पाणी कोणी पाहुण्यापुढें ठेवीत नाहीं. तें घाण झालेलें नसतें, विषारीहि नसतें. पण तें पिऊन कोणाचीहि तहान भागत नाहीं.

पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकांत लावदिकीया येथील मंडळीस प्रभूनें जो निरोप पाठविला, त्यांत तिला ह्याच कोमट पाण्याची उपमा दिली आहे. हें नगर आजच्या तुर्कस्थानांत होतें. शेजारच्या हेरापलीस ऊन पाण्याचे झरे होते. लावदिकीयेस मात्र पाणी दुरून नळांनीं आणावें लागे. पण नगर मोठें संपन्न होतें. इ. स. ६० च्या सुमारास भूकंपानें तें कोसळलें, तेव्हां रोमच्या बादशाही खजिन्यांतून मदत न घेतां नागरिकांनीं स्वतःच्या पैशानें तें पुनः उभें केलें, असें रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. आमच्या हिंगणघाटची जशी कापसाबद्दल, तशी त्या नगराची काळ्या लोंकरीबद्दल ख्याति होती. ज्या नगरास बादशहाची गरज भासली नाहीं, तेथील मंडळीस हळूहळू देवाचीहि गरज भासेनाशी झाली. त्या निरोपांत तिच्यावर चोरीचा किंवा अनीतीचा आरोप नाहीं. आपणांस कांहीं उणें नाहीं असें तिला वाटत होतें, एवढाच तिचा अपराध. आणि तो एवढा मोठा, कीं प्रभु तिच्या दाराबाहेर उभा राहून दार ठोठावीत आहे असें पुढें वर्णन आलें आहे. मंडळी आंत आणि प्रभु बाहेर! ह्याहून शोचनीय स्थिति ती कोणती?

ह्या स्थितीस आम्ही आध्यात्मिक आत्मसंतोष म्हणतों. पापाची शिसारी येते, संकटानें मनुष्य गुडघे टेंकतो, संशयानें त्याची झोंप उडते. आत्मसंतोष मात्र मनुष्यास थापटून निजवितो. बाप्तिस्म्याच्या वहींत आपलें नांव आहे, रविवारचें बांक ठरलेलें आहे, वर्गणी वेळेवर पोहोंचते, जेवणापूर्वींची प्रार्थना तोंडपाठ आहे, मग आणखी काय राहिलें? आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें शेतकऱ्यांचीं आहेत, म्हणून त्यांच्याच भाषेंत सांगतों. सातबाऱ्यावर नांव असलें म्हणजे शेत पिकतें असें नाहीं. आपल्या काळ्या जमिनींत दरवर्षीं वखर घातला नाहीं तर कुंदा माजतो, आणि कुंद्याच्या मुळ्या एकदां खोल गेल्या म्हणजे शेत कागदोपत्रीं आपलें राहिलें तरी पीक गवताचें येतें. आजोबांनीं मोठा छळ सोसून विश्वास धरिला. बापानें तो सांभाळला. नातवास तो वडिलोपार्जित जमिनीप्रमाणें आयता मिळाला. त्यानें ती जमीन विकली नाहीं हें खरें, परंतु तिच्यांत पाऊलहि घातलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, “तारण जर देवाच्या कृपेनें फुकट मिळतें, तर मनास ही रोजची टोंचणी कशाला? संतुष्ट असणें हा काय दोष आहे?” प्रश्न रास्त आहे. विश्वासणाऱ्याची निश्चिंती ही खरोखर मोठी देणगी आहे. परंतु निश्चिंती आणि आत्मसंतोष हीं दोन निराळीं आहेत. निश्चिंत मनुष्य देवावर टेंकलेला असतो. आत्मसंतुष्ट मनुष्य स्वतःवर. परूशी आणि जकातदार यांचा दृष्टांत पहा. मंदिरांत उभा राहून परूशी जें बोलला त्यांत एकहि शब्द खोटा नव्हता. तो खरोखरच उपवास करीत असे, खरोखरच दशांश देत असे. त्याच्या प्रार्थनेंत असत्य नव्हतें, तर मागणें नव्हतें. देवाकडे मागण्यासारखें त्याच्यापाशीं कांहीं उरलेंच नव्हतें. म्हणून तो आला तसाच घरीं परतला.

हा रोग आळशी मनुष्यासच जडतो अशीहि समजूत कोणी करून घेऊं नये. पंडिता रमाबाईंचें चरित्र ह्या बाबतींत मननीय आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. त्यानंतर त्या अमेरिकेस गेल्या, उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं ग्रंथ लिहिला, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढून विधवांसाठीं अपार कष्ट उपसले. जगाच्या दृष्टीनें ह्याहून कर्तबगार ख्रिस्ती स्त्री कोणती? तरीहि आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं आपणांस उमगलें, कीं ख्रिस्ती धर्म आपणांस सांपडला होता, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त, तो सांपडला नव्हता. एवढें कार्य पाठीशीं असतां असें म्हणावयास केवढें धैर्य लागतें! दुसऱ्या कोणी त्या कार्याच्या आड लपून समाधान मानलें असतें. रमाबाईंनीं तसें केलें नाहीं, आणि त्यांच्या आयुष्याचा पुढचा भाग पहिल्याहून मोठा ठरला. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत आल्या आणि उपासमारीच्या तोंडांतून अनाथ मुलींस सोडवून त्यांनीं आपल्या घरीं नेलें. केडगांवचें मुक्ति सदन वाढलें तें ह्याच मुलींनीं. सामान्य बायांस समजेल असें शास्त्र मराठींत असावें म्हणून उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांशीं झगडून त्यांनीं भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या प्रभूकडे गेल्या, तोंवर त्यांचा वखर थांबला नाहीं.

दुसरें उदाहरण आमच्या वर्ध्याचेंच आहे. मगनवाडी पुष्कळांनीं पाहिली असेल. तेथें राहून खेड्यांतील उद्योगधंद्यांचें काम उभारणारे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावर येथें १८९२ सालीं ख्रिस्ती कुटुंबांत जन्मले. लंडनला ते हिशेबतपासणीस झाले. मुंबईस त्यांचा धंदा चांगला चालला होता. पुढें अमेरिकेस जाऊन त्यांनीं अर्थशास्त्राचा अभ्यास केला. उत्तम कपडे, उत्तम मिळकत, जन्मानें मिळालेला धर्म. स्वस्थ बसावयास आणखी काय हवें? परंतु देशाच्या जमाखर्चाचा अभ्यास करितां करितां येथील दारिद्र्यानें त्यांचें मन अस्वस्थ झालें. १९२९ सालीं ते गांधीजींस भेटले आणि १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हां त्याचे चिटणीस म्हणून वर्ध्यास येऊन राहिले. तेलाची घाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या ह्यांच्या हिशेबांत त्यांनीं आपली विद्या खर्चिली. तुरुंगांत असतां त्यांनीं येशूच्या आचरणावर आणि शिकवणीवर एक पुस्तकहि लिहिलें. ज्या प्रार्थनेंत आपण रोजची भाकर मागतों, ती प्रार्थना एकवचनी नाहीं, अनेकवचनी आहे. भाकर “मला” नव्हे, “आम्हांस” मागितली आहे. त्या “आम्हां”मध्यें कोण कोण येतात, हा प्रश्न कुमारप्पांनीं बंद होऊं दिला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आतां एक गोष्ट जरा जड अंतःकरणानें लिहितों. कुष्ठरोग्यास प्रभूनें हात लावून बरें केलें ही कथा आमच्या घरोघरीं ठाऊक आहे. मिशन टु लेपर्स ही संस्था १८७४ सालीं निघाली, हेंहि आम्ही अभिमानानें सांगतों. परंतु आमच्याच वर्ध्याजवळ दत्तपूर येथें १९३६ सालीं कुष्ठरोग्यांची सेवा ज्यांनीं आरंभिली ते मनोहरजी दिवाण विनोबांचे अनुयायी, हिंदु होते. १९३९ सालीं परचुरे शास्त्री हे संस्कृत पंडित कुष्ठरोगानें जर्जर होऊन सेवाग्रामास आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांस आश्रमांत जागा दिली व आपल्या हातांनीं त्यांच्या जखमा धुतल्या. त्या काळीं ह्या रोगावर गुणकारी औषध हातीं आलें नव्हतें, हें लक्षांत घ्यावें. ह्यांत ख्रिस्ती मनुष्यानें लाजावें असें कांहीं नाहीं. आनंद मानावा असेंच पुष्कळ आहे. मात्र वाडवडिलांनीं तूप खाल्लें म्हणून आपल्या हाताचा वास घ्या, असें म्हणण्याची संवय असेल तर ती सोडावी. पूर्वीच्या मिशनऱ्यांची सेवा ही आपली जमा नव्हे. प्रभूची आज्ञा ज्याच्या घरीं वाचली जाते त्याच्यापेक्षां ज्याच्या हातून पाळली जाते तो प्रभूस जवळचा, हें येशूनें दोन पुत्रांच्या दृष्टांतांत स्पष्टच सांगितलें आहे.

विद्यार्थीमित्रहो, शाळेंत शास्त्राच्या परीक्षेंत चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत अचूक लिहून पूर्ण गुण मिळवितां येतात, आणि त्याच दिवशीं नव्या मुलास बांकावर जागा नाकारितांहि येते. गुणपत्रकांत ह्या दुसऱ्या गोष्टीस रकाना नाहीं. म्हणून तो रकाना ज्याचा त्यानें आपल्या मनांत आंखावयाचा आहे. आमच्या शाळेंत हिंदु, बौद्ध, मुसलमान, जैन घरांतीलहि मुलें आहेत. त्यांसहि आम्ही एवढेंच विचारतों, कीं आपल्या धर्मांत जें उत्तम सांगितलें आहे तें आपण पाठ केलें आहे कीं पाळूं लागलों आहों?

पालकहो, आपणांस तर ह्याहून अधिक कळकळीची विनंति आहे. मुलें धर्मापासून दुरावतात तीं बहुधा रागावून नव्हे, तर कंटाळून. जी प्रार्थना म्हणतांना बापाची नजर घड्याळाकडे असते, ती मुलगा किती दिवस म्हणेल? उपासनेहून परततांना पाळकाच्या उपदेशाची थट्टा आणि शेजाऱ्याची निंदा जो मुलगा ऐकतो, त्यास आपण न बोलतां एक उपदेश देऊन चुकलों, आणि तोच त्याच्या लक्षांत राहतो. उलट, रागाच्या भरांत अन्याय झाला म्हणून संध्याकाळीं बाप मुलाजवळ क्षमा मागतो असें ज्या घरीं घडतें, त्या घरच्या मुलास पश्चात्ताप म्हणजे काय हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

उपाय कोणता? तो भावनेच्या भरांत नाहीं. मोठ्या सभेंत डोळे भरून येतात आणि आठवड्यांत सुकतात, हा पुष्कळांचा अनुभव आहे. आम्हांस तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. रात्रीं निजण्यापूर्वीं देवास विचारावें, “आज मी कोठें चुकलों?” आणि उत्तर येईपर्यंत उठूं नये. शास्त्रांतील एक आज्ञा घेऊन ती पाठ करण्याऐवजीं एक महिना पाळून पाहावी. आणि महिन्यांतून एखादें तरी असें काम करावें, कीं ज्याची झळ स्वतःच्या पैशास, वेळेस किंवा मानास लागेल; ज्याची झळ लागत नाहीं त्या धर्माची ऊबहि लागत नाहीं.

दारावरची थाप अजून थांबलेली नाहीं. ती ऐकूं येण्यास घरांत थोडी शांतता हवी आणि आपल्यास कांहीं उणें आहे हें कबूल करण्याइतकी नम्रता हवी. दार आंतूनच उघडावयाचें असतें. तें आपल्यासाठीं दुसरा कोणी उघडूं शकत नाहीं, आईबापहि नाहींत आणि शाळाहि नाहीं.