डब्यावरचे नाव

जुलै संपत आला की आमच्या टेबलावर मुलांच्या चित्रांचे गठ्ठे येऊ लागतात. पंधरा ऑगस्ट जवळ आलेला असतो, शाळांत स्पर्धा असतात आणि विषय बहुधा ठरलेला असतो: राष्ट्रीय एकात्मता. गठ्ठ्याची दोरी सोडण्याआधीच आत काय असेल ते सांगता येते. भारताचा नकाशा आणि त्यात हातात हात घालून उभे असलेले चार पुरुष. एकाच्या कपाळी टिळा, एकाच्या डोक्यावर हिरवी टोपी, एकाला पगडी, एकाच्या गळ्यात क्रूस. वर एक पांढरे कबुतर. या चौघांत बाई कधीच नसते. (इतकी वर्षे चित्रे पाहूनही हे आमच्या लक्षात आले नव्हते, घरातून दाखवून देण्यात आले तेव्हा कळले.)

या वर्षी मोहल्ल्यातली नववीतली एक मुलगी आईबरोबर आमच्याकडे आली. मुलगी चित्रे चांगली काढते, एलिमेंटरी परीक्षा देऊन झाली आहे, इंटरमिजिएटची तयारी चालू आहे. पण या वेळी ती अडून बसली होती. शाळेत तिने दोन शेजारी चहा पिताना काढले होते. तिला सांगण्यात आले की, यात मुसलमान कोण ते ओळखू येत नाही, टोपी घाल.

"चाचा, अब्बू टोपी फक्त नमाजाला घालतात," ती म्हणाली. "बाकी वेळ ते दुकानात शर्ट-पँटवरच असतात. मग त्या चित्रात अब्बू कुठे आहेत?"

आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. शिक्षकांनाही आम्ही दोष देणार नाही. अर्ध्या तासात पन्नास चित्रे तपासायची असली की खुणा लागतातच. पण एकतेच्या चित्रात पोरीला स्वतःचा बाप सापडू नये, ही गोष्ट बोचली. आणि खरे सांगायचे तर आम्हीही तेच करतो. याच मासिकात वर्षानुवर्षे आम्ही हिंदू शेजारी काढला तो टिळा लावलेलाच. आमचे खरे शेजारी मात्र एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत आणि त्यांच्या कपाळावर आठ्यांशिवाय आम्ही काही पाहिलेले नाही.

खुणा वाईट असतात असे नाही. 'अमर अकबर अँथनी' हा 1977 चा सिनेमा घ्या. तिन्ही भाऊ एकाच वेळी रक्त देतात आणि ते रक्त आईला चढते. डॉक्टर मंडळी हसतील, पण ते दृश्य पन्नास वर्षे होत आली तरी कुणाच्या डोक्यातून गेलेले नाही. त्या तिघांवरही खुणांची शिक्कामोर्तब आहेच. फरक असा की तिथे काहीतरी घडते आहे. आमच्या नकाशातले चार पुरुष मात्र नुसते फोटो काढून घ्यायला उभे असतात.

आमच्या पिढीने दूरदर्शनवर पाहिलेली 'एक अनेक और एकता' ही छोटी चित्रफीत आठवून पाहा. 1974 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी ती केली, चित्रे हलती केली भीमसेन यांनी. पाखरे जाळ्यात अडकतात, एकत्र जोर लावून जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळे कुरतडतात. ही कथा मूळची पंचतंत्रातली. सहाव्या शतकात ती पहलवीत गेली, आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फा यांनी ती अरबीत आणली आणि 'कलीला व दिमना' हे पुस्तक झाले. पुढे फारसीत 'अन्वारे सुहैली' झाली, आणि अकबराच्या सांगण्यावरून अबुल फजलने तीच कथा सोप्या फारसीत 'इयारे दानिश' म्हणून लिहिली. म्हणजे एकीची ही गोष्ट आपल्याकडून गेली आणि किती घरे फिरून पुन्हा आपल्याकडे आली! अरबी-फारसी हस्तलिखितांतल्या चित्रकारांनी या पुस्तकातले प्रसंग पुन:पुन्हा रंगवले आहेत. त्यांना विषय म्हणून 'एकता' हा शब्द दिलेला नव्हता. त्यांच्यापुढे जाळे होते. त्या गोष्टीत एक बारीक जागा आहे. उंदीर मित्राची, म्हणजे पारव्यांच्या राजाची, दोरी आधी तोडायला जातो, तर राजा म्हणतो, आधी माझ्या साथीदारांच्या तोड, माझी शेवटी. आम्हाला कुणी चित्र काढायला सांगितले, तर आम्ही उडणारी पाखरे सोडून हा क्षण काढू.

हे सगळे त्या मुलीला ऐकवल्यावर तिने जांभई दिली. ते योग्यच होते. मग आम्ही तिला पाठकोरे कागद दिले आणि आगपेटीएवढ्या आठ चौकटी आखायला सांगितल्या. मोठा कागद घेतला की माणूस पहिल्याच कल्पनेला चिकटून बसतो, कारण मेहनत वाया जाईल असे वाटते. आगपेटीएवढ्या चित्रात वाया जायला काही नसते. पहिल्या चौकटीत चार पुरुष आले, दुसरीत कबुतर, तिसरीत घुमट आणि कळस, चौथीत वेगवेगळ्या रंगांचे हात. "काढून टाक, सगळे काढून टाक," आम्ही म्हणालो. या कल्पना आधी कागदावर सांडू द्याव्या लागतात, नाहीतर त्या डोक्यात वाट अडवून बसतात. पाचव्या चौकटीपाशी तिची पेन्सिल थांबली.

तेव्हा आम्ही म्हणालो, "एकता हा शब्द विसर. शेजारच्या घराशी तुमचे शेवटचे देणे-घेणे काय झाले, ते सांग."

ती आईकडे बघू लागली. आई म्हणाली, "तसं काही नाही. दिवाळीला फराळाचा डबा आला होता."

"तो आपल्याकडेच आहे," मुलगी म्हणाली.

आता यातली गोष्ट आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. दिवाळीचा डबा ईदेला शीरखुर्मा घेऊन जातो, ईदेचा डबा दिवाळीला चकल्या घेऊन येतो. या घरात वर्षानुवर्षे तसेच चालले होते. मधे गावात एका मिरवणुकीवरून ताणाताणी झाली, मोबाइलवर नको ते मेसेज फिरले. या दोन घरांत भांडण झाले नाही, कुणी कुणाला उणा शब्द बोलले नाही. फक्त येणे-जाणे कमी झाले. ईद आली आणि गेली. डबा फळीवरच राहिला.

मुलीने पाचवी चौकट काढली. मधोमध एक मोठा डबा. आम्ही विचारले, हा शेजारचा हे बघणाऱ्याला कसे कळावे? ती म्हणाली, नाव घातलेले आहे ना. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर दुकानात यंत्राने टिंबाटिंबांची अक्षरे पाडून देतात, तशी. शेजारणीच्या सासूबाईंचे नाव त्यावर आहे. तिच्या स्वतःच्या दादीच्या डब्यांवरही नाव आहे, तेही देवनागरीत, बहुधा त्याच दुकानातले.

मग सहाव्या चौकटीत तिने अख्खी फळी काढली. दहा डबे, सगळे सारखे चकचकीत. नऊंवर दादीचे नाव आणि एकावर दुसरे. बघणाऱ्याला तो शोधावा लागतो. शोधायला लागला की माणूस चित्रापाशी थांबतो. आता प्रश्न उरला तो डबा किती दिवस तिथे पडून आहे, हे दाखवण्याचा. तिने भिंतीवर कॅलेंडर काढले. ते काही जमले नाही, कॅलेंडर म्हणजे पुन्हा पाटी लावल्यासारखे झाले. थोडा वेळ विचार करून तिने त्या एकाच डब्याच्या झाकणावर वस्तू ठेवायला सुरुवात केली. रबरबँड, मेणबत्तीचा तुकडा, औषधाची अर्धी पट्टी, पाठीमागे खोचलेले विजेचे बिल. रोज उघडणाऱ्या डब्यावर कुणी असे काही ठेवत नाही. आम्ही खुर्चीत सरसावून बसलो.

या चित्रात एकही चेहरा नाही, हेही सांगायला हवे. जानदारांचे चित्र काढावे की नाही याबद्दल आलिमांची वेगवेगळी मते आहेत आणि घराघरांत वेगवेगळी रीत आहे. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण ज्या घरात चेहरे काढत नाहीत, तिथे मुलांच्या हातून रंगपेटीच काढून घेतली जाते, याचे वाईट वाटते. दारातल्या चपला, नळावरचे हंडे, दस्तरखानावर उरलेले एक ताट, दोन खिडक्यांमधली कपडे वाळत घालायची दोरी, एवढ्यावर अख्खा मोहल्ला काढता येतो. उलट चेहरा नसला की टोपी-टिळ्याची पळवाट बंद होते आणि डोके चालवावे लागते.

हीच गोष्ट इतर प्रश्नांची. जहेजवर चित्र मागवले की तराजू येतो: एका पारड्यात नवरी, दुसऱ्यात नोटांची थैली. तो पाहून कुणाला लाज वाटत नाही, कारण तसा तराजू कुणाच्याच घरात नसतो. टेम्पो मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो. गल्लीतून फ्रीज आणि कपाट घेऊन टेम्पो निघाला आहे आणि मागे बापाच्या दुकानात मालाची अर्धी फळी रिकामी आहे, असे चित्र आमच्या मनात बरेच दिवस आहे. कुणी काढून दिले तर छापू. मुलांची शाळा सुटते त्यावरही रडणारे मूल आणि तुटलेली पाटी नको. गॅरेजमधल्या खिळ्याला टांगलेले दप्तर काढा आणि त्यातून डोकावणारे पाने.

आणि एकतेचे चित्र काढायचे म्हटले की आपण लगेच रस्त्यापलीकडच्या घराकडे का पाहतो, हाही प्रश्न आहे. तांबोळी, बागवान, अत्तार, शिकलगार, पिंजारी – एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहणारे आपण, मुलीचे स्थळ पाहताना किती सफा मागे सरकतो? यावरचे एकही चित्र आजवर आमच्या टेबलावर आलेले नाही. मुलांना हा विषय कुणी देत नाही, आणि दिला तर काय काढले जाईल याची आम्हा मोठ्यांना धास्ती असावी.

असो. मुलीने चित्र मोठ्या कागदावर पेन्सिलीत काढून शाळेत दाखवले. "छान आहे, पण यात एकता कुठे आहे?" असे तिला विचारण्यात आले. ती हिरमुसली नाही, याचे आम्हाला नवल वाटले. ती म्हणाली, "तेच तर विचारलंय ना मी चित्रात." बक्षीस नकाशावाल्याला मिळाले. तो मुलगाही चांगला चित्रकार आहे, त्याच्या रेषेत दम आहे, फक्त त्याला कुणी पाठकोरे कागद दिलेले नाहीत.

आम्ही चित्र मासिकासाठी मागून घेतले. सावल्या नीट भरून आठ दिवसांत देते म्हणाली. घरी फळीसमोर स्टूल टाकून ती बसायची. आईने एकदा मागे येऊन कागदाकडे पाहिले, मग फळीकडे, मग पुन्हा कागदाकडे. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली तर रबरबँड, मेणबत्ती, पट्टी, सगळे ओट्यावर काढून ठेवलेले. डबा फळीवर नव्हता. सण नाही, वार नाही, डब्यात घालायचे काय, म्हणून आईने सकाळीच खोबऱ्याच्या वड्या थापल्या होत्या म्हणे.

मुलगी तावातावाने आमच्याकडे आली. "चाचा, अम्मीने मॉडेलच देऊन टाकलं. त्याची उजवी बाजू राहिली होती. आता चमक कुठून आणू?"

आम्ही म्हणालो, दुसरा डबा ठेवून काढ, स्टील सगळे सारखेच. तिला ते पटले नाही. त्या डब्याला पोचा होता म्हणे, आणि पोच्यापाशी उजेड वेगळा पडतो. चित्र या अंकात आतल्या पानावर दिले आहे. उजवीकडची सावली अर्धी आहे, ती तशीच ठेवली आहे.