नऊ नंबरची जागा

6 ऑक्टोबर 2017 रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर सतरा वर्षांखालचा भारतीय संघ अमेरिकेविरुद्ध उतरला, तेव्हा फिफाच्या विश्वचषकात भारत पहिल्यांदाच खेळत होता. आपल्या आघाडीला होता कोल्हापूरचा अनिकेत जाधव. त्यांच्या आघाडीला जॉश सार्जंट. दोघंही 2000 सालचे. सार्जंटनं तिसाव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला आणि सामना आपण 0-3 असा हरलो. आमच्या कोल्हापुरात त्या रात्री हरल्याचं दुःख फारसं कुणाला नव्हतं. तालमींच्या कट्ट्यांवर एकच विषय होता: आपल्या गावचा पोरगा वर्ल्ड कपला खेळला.

त्या दोन पोरांची पुढची वर्षं मी शेजारी-शेजारी ठेवून पाहत आलो आहे. अनिकेत कमी पडला आणि सार्जंट मोठा झाला, असं सांगायला हा लेख लिहीत नाही. सार्जंट सेंट लुईसजवळच्या गावातून आला, त्याच वर्षी तो वीस वर्षांखालच्या विश्वचषकातही खेळून चार गोल मारून आला होता, म्हणजे त्याची शिदोरी आधीच मोठी होती. पण सतराव्या वर्षानंतर एका फॉरवर्डला त्याच्या जागेवर किती खेळायला मिळतं, या एका गोष्टीवर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. ही गोष्ट आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही, म्हणून ही मांडणी.

विश्वचषक संपला आणि भारतीय फुटबॉल फेडरेशननं याच मुलांना घेऊन इंडियन ॲरोज हा संघ पुन्हा उभा केला. 2010 ला सुरू होऊन 2013 ला बंद पडलेली ही कल्पना होती. एकही परदेशी खेळाडू नाही, सगळी विशीच्या आतली पोरं, आणि समोर आय-लीगमधले पूर्ण वाढ झालेले बचावपटू. नोव्हेंबरअखेर गोव्यात पहिला सामना झाला, चेन्नई सिटीविरुद्ध. ॲरोज 3-0 नं जिंकले. त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. व्यावसायिक लीगमधला पहिलाच सामना, वय सतरा, आणि दोन गोल! त्या हंगामात ॲरोज तळाला राहिले, पण मला त्याचं काहीच वाटत नाही. फॉरवर्ड म्हणून तो उभा राहिला, अंगावर येणाऱ्या सेंटर बॅकचे धक्के खात राहिला, चुकला, पुन्हा उभा राहिला. या वयात याहून जास्त काही लागत नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालच्या संघानं अर्जेंटिनाला 2-1 नं हरवलं. मुंबईचे फ्लॉइड पिंटो आपले प्रशिक्षक होते आणि अर्जेंटिनाच्या बाकावर लिओनेल स्कालोनी, ज्यांनी पुढे 2022 चा विश्वचषक जिंकून दिला. त्या सामन्यात उत्तरार्धात अनिकेतला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला वेळ दहा जणांनी तो विजय राखला. अठराव्या वर्षी असं होतं. मला ते कार्ड कधी खटकलं नाही. फॉरवर्डच्या रक्तात थोडी आग असावीच लागते, फक्त ती आग कुठे वापरायची ते सामने खेळून कळतं.

आणि इथून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

सार्जंट जर्मनीत वेर्डर ब्रेमेनला गेला. अठरा पूर्ण होईपर्यंत त्याला नुसता सराव करावा लागला. मग क्लबच्या दुसऱ्या संघात, म्हणजे जर्मनीच्या चौथ्या पायरीवरच्या लीगमध्ये, त्याला आघाडीला ठेवलं. तिथे तो गोल मारत राहिला, तेव्हा डिसेंबर 2018 मध्ये मोठ्या संघाचं दार उघडलं. ड्युसेलडॉर्फविरुद्ध बदली म्हणून आला आणि दोन मिनिटांच्या आत, चेंडूच्या पहिल्याच स्पर्शात, त्यानं गोल केला. वर्तमानपत्रांनी तो गोल छापला. त्यामागची दुसऱ्या संघातली शरद ऋतूतली ती सगळी रटाळ दुपार-संध्याकाळ कुणी छापली नाही, आणि माझ्या मते खरी किंमत तिचीच आहे.

साधारण त्याच सुमाराला अनिकेत इंग्लंडला गेला होता, ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे. हा क्लब 2010 पासून पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा. तिथे तो काही महिने शिकला, पण ते प्रशिक्षण होतं, करार नव्हता. परत येऊन 2019 मध्ये तो जमशेदपूरकडून इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, दाखल झाला. ऑक्टोबरअखेर हैदराबादविरुद्ध जमशेदपूर 3-1 नं जिंकलं, त्यात अनिकेतचा गोल होता. पण जमशेदपूरच्या नऊ नंबरच्या, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या, जागेवर सर्जिओ कास्टेल हा स्पॅनिश खेळाडू होता. पुढच्या हंगामात त्याच जागी नेरियस वाल्स्किस आला, आदल्या वर्षी पंधरा गोल मारून आलेला. 2021 मध्ये अनिकेत हैदराबादला गेला, तर तिथे बार्थोलोम्यू ओगबेचे होता आणि त्या हंगामात त्यानं अठरा गोल मारले. तीन हंगाम, तीन परदेशी सेंटर फॉरवर्ड. अनिकेत विंगवर गेला. पळाला, क्रॉस टाकले, मागे येऊन बचाव केला, मैदानावर दिलेली प्रत्येक जबाबदारी घेतली. मार्च 2022 मध्ये फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून हैदराबादनं आयएसएल जिंकली, तेव्हा तो विजेत्या संघातला होता. त्याच महिन्यात भारताच्या वरिष्ठ संघाचं बोलावणं आलं. कोल्हापूरसाठी ही अभिमानाची गोष्ट होती, आजही आहे.

पण ॲरोजकडून पहिल्याच सामन्यात दोन गोल मारणारा तो सेंटर फॉरवर्ड मात्र हरवला.

यात प्रशिक्षकांचा दोष काढता येत नाही. त्यांची नोकरी दर आठवड्याच्या निकालावर टांगलेली असते आणि गोल ही सर्वांत महाग वस्तू, म्हणून क्लब तिच्यासाठीच परदेशात पैसा मोजतात. आयएसएलमध्ये 2017-18 पासून पाच आणि 2021-22 पासून चार परदेशी खेळाडू एका वेळी मैदानावर चालतात. त्यातला एक जवळजवळ प्रत्येक संघात आघाडीला असतो. परिणाम डोळ्यांसमोर आहे. 2014 पासून 2024-25 पर्यंत अकरा हंगाम झाले आणि सर्वाधिक गोलांचा मान एकाही हंगामात भारतीयाकडे आला नाही. जून 2024 मध्ये सुनील छेत्रीनं कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून भारतीय संघाचा निरोप घेतला, आणि मार्च 2025 मध्ये चाळिशीत त्याला परत यावं लागलं. मालदीवविरुद्ध पुन्हा त्यानंच गोल मारला. त्या 2024-25 च्या लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक, चौदा गोल, त्याचेच होते. छेत्रीच्या निष्ठेला माझा नमस्कार आहे. पण दीडशे कोटींच्या देशाला चाळीस वर्षांच्या माणसाच्या दारात पुन्हा जावं लागलं, याची मला एक फुटबॉलवेडा म्हणून फार खंत वाटते.

इथे सार्जंटकडे पुन्हा पाहावं लागतं, कारण त्याचीही वाट सरळ नव्हती. 2021 मध्ये तो नॉर्विचला गेला. प्रीमियर लीगच्या त्या हंगामात त्याचे जेमतेम दोन गोल झाले. ब्रायटनविरुद्ध रिकाम्या गोलसमोर त्याचा फटका इतका हलका गेला की बचावपटूनं धावत येऊन चेंडू काढला. त्यालाही बऱ्याचदा उजव्या विंगवर ढकललं गेलं. नॉर्विच खालच्या लीगमध्ये घसरलं. पण तिथे चोवीस संघ आणि हंगामाला शेहेचाळीस सामने! चुका करायला आणि सुधारायला जागाच जागा. हळूहळू तो पुन्हा मध्यावर आला, आणि 2023-24 मध्ये घोट्याच्या दुखापतीनं कित्येक महिने बाहेर राहूनही लीगमध्ये सोळा गोल मारून गेला. सतराव्या वर्षीचा स्ट्रायकर तेविसाव्या वर्षी पक्का झाला. मधली सहा वर्षं कुणीतरी त्याला खेळवत राहिलं. द्राक्षाच्या वेलीला आधी मांडव लागतो, मग माल धरतो; बागायतदाराला हे सांगावं लागत नाही.

आपल्याकडे मांडवच मोडत गेले. अनिकेत पुण्यात घडला, पुणे एफसीच्या अकादमीत. तो क्लब आज नाही. डीएसके शिवाजीयन्स नाही. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी लीगमध्ये आला तो हैदराबाद एफसी, जिथे अनिकेतला जावं लागलं. पुण्यासारख्या शहराचे तीन व्यावसायिक क्लब काही वर्षांत गेले. आणि 2022 मध्ये इंडियन ॲरोजही पुन्हा बंद झाले. म्हणजे ज्या संघानं अनिकेतला आघाडीला उभं केलं, तो संघ पुढच्या पोरांसाठी शिल्लकच नाही.

फेडरेशननं काय करावं यावर दिल्लीत बैठका होतील. मला बोलायचं आहे ते आपल्या गावाशी. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस या संघांचे सामने पाहत माझं आयुष्य गेलं. हलगी वाजली की आजही पाय तिकडे वळतात. पण गेल्या काही वर्षांत आपल्या पेठांचे संघही जिंकण्यासाठी बाहेरचे आणि परदेशी खेळाडू आणू लागले, आणि त्यातले बरेचसे आघाडीलाच खेळतात. गोल होतो, पेठ नाचते, आणि त्याच पेठेतला अठरा वर्षांचा फॉरवर्ड बाकावर बसून टाळ्या वाजवतो. परदेशी खेळाडूंना माझा विरोध नाही, त्यांच्याकडून पोरं शिकतात. पण शिकलेलं वापरायला मैदान हवं.

म्हणून तालमींच्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगच्या येत्या हंगामात प्रत्येक संघानं वीस वर्षांखालचा एक स्थानिक मुलगा आघाडीला खेळवावा, निदान पहिल्या फेरीत तरी, आणि विंगवर नाही, मध्यावर. दोन सामने त्याला गोल मिळाला नाही तर तिसऱ्याला काढू नये. केएसएनं तसा नियम केला तर उत्तमच, पण नियमाची वाट पाहू नका. आणि गॅलरीत बसणाऱ्या तुम्हा-आम्हांसाठी एवढंच: त्या पोरानं रिकामा गोल चुकवला, तर त्याला शिव्या घालू नका.