न्यूमोनियाग्रस्त ज्येष्ठांचे रक्त काय सांगते?

तिरोडा (जि. गोंदिया), प्रतिनिधी - घरातील वृद्ध व्यक्ती दोन दिवस जेवत नाही, असंबद्ध बोलते, ताप मात्र नसतो. वयाचा परिणाम समजून दुर्लक्ष होते आणि रुग्णालयात नेल्यावर न्यूमोनियाचे निदान होते. त्यानंतर कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो, रुग्णाला येथेच ठेवायचे की हलवायचे? शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2016 मध्ये सुरू झाले ते गोंदियाला, म्हणजे सुमारे 30 किलोमीटरवर. नागपूर 100 किलोमीटरहून दूर. हा निर्णय घेताना रक्तचाचण्यांवर किती भिस्त ठेवावी, हा तिरोड्यासारख्या ठिकाणी म्हणूनच जिव्हाळ्याचा विषय ठरतो.

कोरोनाच्या साथीत, 2020-21 मध्ये, सीआरपी हा शब्द घरोघरी पोचला. या प्रथिनाचा शोध मुळात न्यूमोनियाच्या रुग्णांच्याच रक्तात, 1930 साली न्यूयॉर्कमध्ये लागला. मात्र सीआरपी शरीरात दाह आहे, एवढेच सांगते. पहिल्या दिवशीच्या मोठ्या आकड्याने हबकून जाण्यात अर्थ नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तो निम्म्यावर आला नाही, तर उपचार लागू पडत नसल्याची शंका घ्यावी लागते. एकदाच तपासणी करून थांबल्यास या चाचणीचा निम्मा उपयोग वाया जातो. प्रोकॅल्सिटोनिन ही त्याहून महाग चाचणी. तिचा आकडा कमी आला, तरी त्या आधारावर प्रतिजैविके रोखू नयेत, असे अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे.

गंमत अशी, की मोलाची माहिती सर्वांत स्वस्त चाचणीत दडलेली असते. सीबीसीच्या अहवालात न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे प्रमाण छापलेले असते. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले, की एक गुणोत्तर मिळते. इटलीतील 195 ज्येष्ठ रुग्णांच्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 30 दिवसांतील मृत्यूचा अंदाज देण्यात हे गुणोत्तर सीआरपीपेक्षा सरस ठरले. अर्थात, अभ्यास लहान आहे आणि रुग्णाला स्टेरॉइड दिलेले असेल, तर हे गुणोत्तर फसवे ठरू शकते. अल्ब्युमिनचेही तसेच. ते कमी असणे हे वाईट लक्षण खरे. पण आधीपासूनच कुपोषित असलेल्या वृद्धाच्या अहवालात ते आजारापूर्वीही कमीच असते.

ब्रिटनसह काही देशांतील डॉक्टरांनी 2003 मध्ये 'कर्ब-65' ही गुणपद्धती मांडली. संभ्रमावस्था, रक्तातील युरिया 42 मिलिग्रॅमच्या वर, मिनिटाला 30 किंवा अधिक श्वास, रक्तदाब वरचा 90 च्या खाली किंवा खालचा 60 वा त्याहून कमी आणि वय 65 वा अधिक, या प्रत्येकाला एक गुण. तीन किंवा अधिक गुण म्हणजे आजार गंभीर. (काही प्रयोगशाळा युरियाऐवजी 'बीयूएन' छापतात, त्याची मर्यादा 19 च्या आसपास असते. हा घोळ नेहमीचाच.) ज्येष्ठाच्या खात्यात वयाचा एक गुण आधीच जमा असतो आणि शरीरातील पाणी कमी झाले किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असला, तरीही युरिया वाढतो.

पाचपैकी युरिया वगळता उरलेल्या चार बाबींना प्रयोगशाळा लागत नाही. घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि जोडीला बोटाला लावायचे ऑक्सिमीटर एवढ्यावर रात्री दोन वाजताही 108 ची रुग्णवाहिका बोलवायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवता येते. रक्ताचा अहवाल मागाहून गोंदियाला कळवला तरी चालतो.