तापीकाठाहून दिसणारा नारिंगी शेजारी

वाचकहो, पौष-माघात रात्री आठ-नऊच्या सुमारास कामरेज चौकडीच्या दिव्यांपासून दूर, तापीच्या एखाद्या काळोख्या काठी उभे राहावे. मृगातील राजन्य हा निळसर शुभ्र तारा ओळखू आला, की तेथून सरळ पश्चिमेस हात लांब करून एक वीत आणि थोडे अधिक अंतर जावे. तेथे एक मंद तारा आहे. नजरेत भरावे असे त्यात काही नाही. पण एप्सिलॉन एरिडानी म्हणतात तो हाच.

तो आपल्यापासून अवघ्या साडेदहा प्रकाशवर्षांवर आहे. घरातील नातू आज दहा वर्षांचा असेल, तर तो जन्मला त्या सुमारास निघालेला प्रकाश आज त्याच्या डोळ्यांत शिरतो. वस्तुमानाने हा सूर्याच्या सुमारे चार-पंचमांश, पृष्ठभागाने काहीसा थंड, म्हणून रंगाने नारिंगी. वात बारीक ठेवलेला दिवा तेल पुरवून वापरतो, तसे हे नारिंगी खुजे तारे सूर्याहून दीर्घायुषी असतात. हा मात्र अजून कोवळा आहे. त्याचे वय शंभर कोटी वर्षांहूनही कमी.

१९६० साली फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथून रेडिओ-दुर्बिणीने परग्रहवासीयांची चाहूल घेण्यासाठी जे दोन तारे निवडले, त्यांत हा होता. एकदा संकेत आल्याचा भास झाला, पण तो पृथ्वीवरचाच निघाला. पुढे २००० साली त्याभोवती गुरूसारखा एक ग्रह असल्याचे जाहीर झाले. त्याची प्रदक्षिणा सुमारे सात वर्षांची. त्याच्या अस्तित्वाविषयी बरीच वर्षे वाद चालला. २०१५ साली या ग्रहाला एगिर आणि ताऱ्याला रान अशी नावे मिळाली. आपल्या रानावनाशी या नावाचा संबंध नाही. ही नॉर्स पुराणातील सागरदेवता. नावे सुचविली होती अमेरिकेतील शाळकरी मुलांनी.

असा मान सुरतेलाही मिळाला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असावे. आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या शताब्दीनिमित्त २०१९ साली प्रत्येक देशाला एकेक तारा नामकरणासाठी देण्यात आला. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव सुचविले, ते सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेतील एका विद्यार्थ्याने. आणि त्याच्या ग्रहाचे ‘संतमस’ हे नाव पुण्याच्या एका तेरा वर्षांच्या मुलाने. बिभा म्हणजे आपली विभाच, बंगाली उच्चारातली.

हे नाव बिभा चौधुरी यांचे. डी. एम. बोस यांच्यासमवेत त्यांनी दार्जिलिंगसारख्या उंच ठिकाणी छायाचित्रण-पट्टिका ठेवून विश्वकिरणांतील मेसॉन कणांच्या खुणा शोधल्या. महायुद्धामुळे अधिक संवेदनक्षम पट्टिका मिळाल्या नाहीत आणि काम अडले. तशा पट्टिका वापरून तीच वाट पुढे चालणाऱ्या पॉवेल यांना १९५० साली नोबेल मिळाले. चौधुरी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या, १९९१ साली निवर्तल्या. एवढ्या कर्तबगार स्त्रीचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटावे, याची खंत वाटते. त्या विद्यार्थ्याची निवड म्हणूनच मला फार मोलाची वाटते.

बिभा तारा नारिंगी नव्हे, सूर्यासारखा पिवळसर आहे. सुमारे ३४० प्रकाशवर्षांवर, सिंहेच्या दक्षिणेस षडंश या तारकासमूहात. संतमसाचे वर्ष दोन दिवसांहून जेमतेम थोडे अधिक. नुसत्या डोळ्यांना बिभा दिसत नाही. चैत्रात सिंह माथ्यावर आला असता लहानशी दुर्बीण आणि चांगला नकाशा जवळ असेल, तर मुलांना घेऊन शोधावी.