खुर्च्या लावणाऱ्या पोरांना मंच कधी देणार?

आपल्या समाजाच्या कार्यक्रमांत तरुणांची कामं ठरलेली असतात. मंडप बांधायचा, खुर्च्या लावायच्या, पाहुण्यांना पाणी द्यायचं आणि भाषणं सुरू झाली की मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या. चार दिवसांनी तेच बुजुर्ग तक्रार करतात की पोरं मोबाईलमध्ये बुडाली आहेत, त्यांना कौमचं काही पडलेलं नाही.

मी कळवणचा. एका कार्यक्रमात मुलांनी पंधरा मिनिटांची नाटिका बसवली होती. ती सगळ्यात शेवटी ठेवली. भाषणं दोन तास चालली. नाटिकेला पाच मिनिटं मिळाली, तीही पाहुणे उठून जेवायला निघाले असताना. पुढच्या वर्षी त्यातलं एकही पोर आलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. तरुणांनी राजकारणात यावं असं खरंच वाटत असेल, तर कलेला कार्यक्रमाच्या ताटातली कोशिंबीर समजणं बंद करा. नाटक, पोवाडा, छोटी फिल्म बसवता बसवता माणूस राजकारण शिकतो. महाराष्ट्रात हे घडून गेलेलं आहे, आणि ते घडवणाऱ्यांत आपलाच एक माणूस सगळ्यांत पुढे होता.

बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर म्हणून राबला, गिरणीत राबला आणि पुढे शाहीर अमर शेख झाला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ तर शाळेत जेमतेम दीड दिवस टिकलेले. या मंडळींनी कामगारांचे संप गायले, दुष्काळ गायला, संयुक्त महाराष्ट्र गायला. १ मे १९६० ला जो महाराष्ट्र झाला, त्याच्या सभांमध्ये लोक अमर शेखांचा आवाज ऐकायला आधीपासून जागा धरून बसत. 'मुसलमानांनी महाराष्ट्राला काय दिलं' असं कोणी विचारलं की आपण किल्ल्यांवरच्या सरदारांची यादी काढतो. अमर शेखांचं नाव मात्र आपल्या किती घरांत मुलांना माहीत आहे?

कलापथकात नेमकं काय शिकायला मिळतं ते नीट पाहा. दहा जण एका विषयावर बसतात. माहिती काढावी लागते, नाहीतर प्रेक्षक हसतात. शब्दावरून भांडण होतं आणि मिटवावंही लागतं. कोणाचं वाक्य कापायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. चौकात उभं राहून ज्यांना आपण आवडत नाही त्यांनाही ऐकायला लावावं लागतं. लोकशाहीची याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

आज आपल्या पोरांपुढे दोनच रस्ते दिसतात, गप्प बसणं किंवा स्टेटस ठेवणं. स्टेटस रात्री अकरा वाजता, एकट्यानं, रागाच्या भरात ठेवलं जातं. त्याची तालीम होत नाही आणि 'अरे, हे वाक्य चुकतंय' असं सांगणारा कोणी शेजारी नसतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काय झालं ते आठवा. काही स्टेटसचं निमित्त झालं, बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दुकानं फुटली, इंटरनेट बंद पडलं. स्टेटस कोणाचं आणि फुटलेलं दुकान कोणाचं? ते निमित्त वापरणाऱ्यांचा दोष मी कमी करत नाही. पण आपल्या मुलाला बोलायला दुसरी जागाच ठेवली नाही, हा दोष आपला आहे. घरात 'गप्प बस', मोहल्ल्यात 'तू लहान आहेस', पक्षात 'झेंडा धर'. मग तो बोलणार कुठे?

आता नेहमीचा आक्षेप. हे सगळं गाणं-बजावणं, नाच-तमाशा, दीनमध्ये बसतं का? मी मुफ्ती नाही आणि फतवा देणार नाही. वाद्यांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, ज्याला जे पटतं ते त्यानं पाळावं. वाद्य नको असेल तर वाद्याशिवाय करा. पण शब्दाच्या कलेला कोण अडवतो? हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांच्यासाठी खुद्द मस्जिद-ए-नबवीत मिंबर ठेवला जाई आणि ते शेर म्हणत, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकलेलं आहे. शायराला मस्जिदीत जागा होती, आणि आपण त्याला हॉलच्या मागच्या दारानं आत घेतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. एवढी मोठी परंपरा असताना आपण 'हे आपलं नाही' म्हणतो, तेव्हा आपल्याच हातानं आपला वारसा सोडून देतो.

दुसरा आक्षेप कळवणमध्ये फार ऐकू येतो. आमची विधानसभेची जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. दिंडोरी लोकसभाही राखीव. 'इथे आपला माणूस कधी उभाच राहू शकत नाही, मग राजकारण करून काय करायचं?' ही राखीव जागा आदिवासींचा हक्क आहे, तिच्याबद्दल कुरकुर करण्याचं आपल्याला काही कारण नाही. पण राजकारण म्हणजे फक्त तिकीट, हे कोणी सांगितलं? मार्च २०१८ मध्ये याच कळवण-सुरगाण्याच्या डोंगरांतले शेतकरी नाशिकहून मुंबईला पायी निघाले. ६ तारखेला निघाले आणि १२ तारखेला आझाद मैदानात पोचले. त्यांतल्या बहुतेकांना कधी तिकीट मिळणार नव्हतं. वनहक्काच्या जमिनीसाठी ते रक्ताळलेल्या पायांनी चालले, मुक्कामाला गाणी म्हणाले, नाचले. दहावीच्या पोरांचा पेपर चुकू नये म्हणून शेवटची रात्रही चालून काढली. सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. आपल्याच तालुक्यातले हे लोक आपले गुरू व्हायला हवेत. आपण मात्र त्यांच्या शेजारी दुकान मांडून बसतो आणि म्हणतो, आमचं कोणी ऐकत नाही.

शेजारचं मालेगावही घ्या. नासिर शेख हा व्हिडिओ पार्लर चालवणारा तरुण. त्यानं २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. ना फिल्म स्कूल, ना स्टुडिओ. पॉवरलूमवर काम करणारा शफीक शेख पुढे त्यांच्या फिल्ममध्ये सुपरमॅन झाला. २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरात आला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं पोस्टर शेअर केलं. छान केलं. पण मग विचारा, आपल्या गल्लीतला रील बनवणारा पोरगा कोण आहे? त्याला गटार, रेशन, बंद पडलेली वाचनालयं, कांद्याच्या गोणीखाली वाकलेला हमाल, यांच्यावर तीन मिनिटांची फिल्म करायला आपण कधी सांगितलं? हुनर आहे, कॅमेरा खिशात आहे. विषय आणि पाठबळ देणारी माणसं गायब आहेत.

आणि भाषा. मुशायरा आपला आहे, उर्दू आपली आहे. पण वॉर्डातल्या पाण्याचं गाऱ्हाणं मराठीत मांडा, जमेल तिथे अहिराणीत मांडा. बाजारात आपण हीच भाषा बोलतो. शेजारच्या पाटलाला, कोकणा आजीला कळेल असं बोललं, की प्रश्न 'त्यांचा' राहत नाही, गावाचा होतो.

मुलींना नात पठणाच्या स्पर्धेत बक्षीस देऊन घरी पाठवणं पुरे झालं. तालमीची वेळ संध्याकाळी चार ते सहा ठेवा म्हणजे त्या येतील. लिहिण्यात त्यांचा निम्मा वाटा असू द्या. सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादमध्ये पथनाट्य चालू असताना हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ४ जानेवारीला त्यांची पत्नी मोलॉयश्री त्याच जागी परत गेली आणि अर्धं राहिलेलं नाटक पूर्ण करून आली. 'मुलींना हे झेपणार नाही' म्हणणाऱ्यांनी ही तारीख पाठ करावी.

भीती खरी आहे, तीही मी नाकारत नाही. मुसलमान पोरगं चौकात बोललं तर त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. म्हणूनच मी म्हणतो, एकट्यानं बोलू नका. संहिता लिहा, मोठ्यांना दाखवा, परवानगी काढा, गैरमुस्लिम मित्रांना सोबत घ्या, आणि मग मोकळ्या आवाजात बोला.

संघटनांच्या जबाबदार लोकांकडे माझ्या चार मागण्या आहेत. कार्यकारिणीच्या निम्म्या जागा पंचविशीच्या आतल्यांना द्या, नुसत्या 'युवा शाखे'ची पाटी देऊन वाटेला लावू नका. कार्यक्रमाची सुरुवात मुलांच्या सादरीकरणानं करा, भाषणं नंतर आणि थोडकी. नाटक कोणत्या विषयावर ते मुलांना ठरवू द्या, त्यात आपल्यावर टीका आली तरी ऐकून घ्या. आणि ज्या विषयावर नाटक झालं त्याचा अर्ज त्याच मंचावर वाचा, सह्या घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपंचायतीत देऊन पोच घ्या. उत्तर नाही आलं तर दहा रुपये भरून माहितीचा अधिकार वापरा, तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. अर्जाशिवाय नाटक टाळ्यांवर संपतं, आणि नाटकाशिवाय अर्ज फायलीत झोपतो.

आणि दोस्तांनो, तुमच्याकडेही एक मागणी. बुजुर्ग मंच देतील याची वाट पाहत बसू नका. अमर शेखांना कोणी मंच दिला नव्हता. अठरा पूर्ण झाली असतील तर नमुना ६ भरून मतदार यादीत नाव घाला. नगरपंचायतीत सतरा वॉर्ड असतात, एकविसाव्या वर्षी तिथे उभं राहता येतं. तोवर पाच मित्र जमवा, आपल्या वॉर्डातला एक प्रश्न निवडा, त्याची खरी माहिती काढा आणि दहा मिनिटांचं नाटक लिहा. पुढच्या कार्यक्रमात कोणी खुर्च्या लावायला बोलावलं तर जरूर लावा. फक्त आधी विचारा, आमचं नाटक कितीला आहे?