‘जरा स्ट्राँग गोळ्या द्या’ म्हणू नका

तुमच्या घरी येत्या दिवसांत कुणाचं ऑपरेशन आहे? आईचा गुडघा, सुनेचं सिझेरियन, भावाचा हर्निया? मग हे आजच वाचा.

जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात. ते चीर घेण्याआधी, बहुतेकदा तासाभराच्या आत द्यायचं असतं. सुरी लागते त्या क्षणी औषध अंगात भिनलेलं हवं. बऱ्याच ऑपरेशनांना तो एकच डोस पुरतो. ऑपरेशन लांबलं किंवा फार रक्त गेलं, तर मध्येच आणखी एक. नंतर निव्वळ खबरदारी म्हणून ते चालू ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ सालीच बजावलं आहे.

तरी पुढे पाच-सात दिवस गोळ्या चालतात. पुष्कळदा आपल्याच धास्तीपायी. ‘डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या’ हे आपण मायेनं म्हणतो. पण त्या गोळ्यांनी टाके लवकर सुकत नाहीत. जुलाब लागतात, आणि मागे उरतात औषधाला न जुमानणारे जंतू. ते एका खाटेवर थांबत नाहीत. न धुतलेल्या हातांवरून शेजारच्या बाळंतिणीपर्यंत पोचतात. अशा जंतूंनी २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसांचा थेट बळी घेतला.

म्हणून विचारा. ऑपरेशनआधी विचारा, ‘इंजेक्शन कधी देणार?’ घरी सोडताना विचारा, ‘ही गोळी कशासाठी? किती दिवस?’ चांगला डॉक्टर रागावत नाही. अपेंडिक्स फुटलं असेल, पू झाला असेल, तर औषध लागतंच. तेव्हा सांगितलेले सगळे दिवस घ्या, बरं वाटलं म्हणून सोडू नका. गोळ्यांच्या पट्टीवर लाल उभी रेघ दिसली, तर चिठ्ठीशिवाय त्या गोळ्या मेडिकलमधून आणू नका. शेजाऱ्याची उरलेली गोळी देऊ नका.

जंतू अडवायचं निम्मं काम तर तुमच्याच हाती आहे. आदल्या रात्री किंवा त्या सकाळी पेशंटला साबणानं आंघोळ घाला. घरी वस्तऱ्यानं केस काढू नका. बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात. साखर आटोक्यात आणा. विडी-सिगारेट आजच सोडायला लावा. भेटायला येणाऱ्यांची गर्दी थोपवा. खाटेजवळ जाण्याआधी हात धुवा, प्रत्येक वेळी धुवा. ड्रेसिंग उचकटून पाहू नका.

आणि घरी आल्यावर टाक्यांभोवती लाली पसरली, ठणका वाढला, पू आला, ताप चढला, तर घरातली गोळी शोधत बसू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना त्याच दिवशी फोन करा आणि जखम दाखवा.